मोटरीची खांदशेकणी

आमच्या मामाजींचे गुडघे आणि आमची बैलजोडी एकाच वर्षात कामातून गेली. मामाजी म्हणजे माझे सासरे. बैल म्हातारे होऊन गेले, एक आधी, दुसरा त्याच्या मागोमाग. गुडघे कुठं जातात? ते तिथंच राहून छळायला लागले. आमचं शेत माळावर. गावातून निघालं की थोडा सपाट रस्ता, मग जुनी गाडीवाट लागते ती दगडगोट्यांतून वळण घेत वर. ओट्यावरून नळापर्यंत जायला ज्या माणसाला भिंत धरावी लागते, तो हा चढ काय चढणार, कप्पाळ! पेरणी-फवारणी मजुरांकडून व्हायची आणि मामाजी ओट्यावर बसून राहायचे, माळाकडे तोंड करून. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "भूक नाई, बाई." चार भाकरी हाणणारा माणूस हो तो! मी नवऱ्याला सांगून टाकलं, "हे असेच बसून राह्यले ना, तर टिकत नाईत. काईतरी करा."

नवरा चिखलीला कापडाच्या दुकानात कामाला आहे. बोलतो कमी, पण एकदा मनावर घेतलं की घेतलं. एका रविवारी तो बॅटरीवाली गाडी घेऊनच दारात उभा राहिला. बसल्याबसल्या दोन्ही पाय भुईला टेकतील अशी बुटकी, आणि मोटर म्हणाल तर मागच्या चाकाच्या पोटातच. किक नाही, गिअर नाही, आवाज तर नाहीच. मामाजींना वर बसवलं, मूठ पिळायला शिकवली आणि म्हणाला, "बाबा, हिले वैरण नाई लागत, पाणी नाई लागत. अन् ही दमत नाई. बिनधास्त न्या."

हे 'दमत नाई' पुढं आमच्या अंगाशी आलं.

मामाजी पहिल्यांदा एकटे माळावर जाऊन आले तो दिवस मी विसरायची नाही. गाडी दारात उभी केली, उतरले, भिंत धरून आत आले आणि म्हणाले, "बाई, तुरीले फुलोरा आला." डोळे पाण्यानं भरलेले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. एवढ्याशा मोटरीनं आमचा माणूस माघारी आणून दिला म्हणून मी गुपचूप गाडीला हात जोडले. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं, हसू देत.

मग उन्हाळा आला. ऐन वैशाखातल्या दुपारी मामाजींनी ठिबकच्या नळ्यांचं भलंमोठं भेंडोळं मागं बांधलं आणि निघाले. दमत नाही म्हटल्यावर थांबायचं कशाला? चढ अर्ध्याहून जास्त सरला आणि गाडी गचकन बंद पडली. जळका वास सुटला. खाली यावं, नाहीतर एखाद्याची वाट बघावी ना! नाही. तसल्या गुडघ्यांनी गाडी ढकलत वर निघाले आणि वाटेतच पडले. मेंढरं चारणाऱ्या धनगरानं पाहिलं म्हणून बरं. त्यानं खांद्यावर टाकून घरी आणलं तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसत होता. मी गावची आशा वर्कर, लोकांचा ताप मोजण्यात माझा जन्म गेला, पण त्या दिवशी थर्मामीटर कुठं ठेवलंय तेच आठवेना. ओली फडकी, पाणी, साखर-मीठ, सगळं केलं. दिवस मावळताना त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "गाडी कुठं हाय?"

नवरा उंबऱ्यात बसलेला होता. निरोप मिळताच चिखलीहून आला होता, तेव्हापासून फडकी पिळून देत होता. आता मात्र फुटला. "गाडी गेली चुलीत! बाबा, मोटर दुरुस्त करून आणतो. पण एक ध्यानात ठेवा, आता जर ही चढावर तापून बंद पडली, तर चावी माह्याजवळ. मंग तुमी अन् तुमचा ओटा." मामाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. बापाला जिवंत ठेवायचं म्हणून पोरगा त्याला ओट्यावर बांधायला निघाला होता, आणि ओट्यावर बांधला की हा बाप जगत नाही, हे मला दिसत होतं.

चिखलीच्या मिस्त्रीनं आमच्यासमोरच चाक खोललं. आत काय असेल असं मला वाटत होतं? काहीतरी मोठं, अवघड. पाहते तर तांब्याची तार! नुसती तार, पदरावर पदर गुंडाळलेली, आणि भोवती लोहचुंबकाच्या पट्ट्या. तार जळून काळी पडली होती. मिस्त्रीनं नवी मोटर शेजारी ठेवली, तिची तार नव्या तांब्याभांड्यासारखी झळकत होती. मी बघतच राहिले. ना आग, ना धूर, ना कुठला दट्ट्या, आणि हे गुपचूप एका अख्ख्या माणसाला डोंगरावर नेतं! बाप्पा! माणसाच्या डोक्याला काय काय सुचलं असेल! मी तारेवरून बोट फिरवलं तर मिस्त्री म्हणाला, "ताई, हिचा एकच दुश्मन हाय. ऊन नाई, पाणी नाई. तिची तिचीच गरमी." सपाटीवर ही मोटर खुशाल पळते, वारा लागतो, निवत जाते. चढावर मात्र वेग कमी आणि जोर जास्त, तेव्हा आतल्या आत तापते आणि बाहेर कळत नाही. चाकात हवा कमी नको, ब्रेक घासायला नको, मागं ओझं नको, आणि गरम झाली की सावलीत उभी करायची. "पण पाणी टाकू नका," तो दोनदा म्हणाला. तापलेल्या मोटरीवर गार पाणी पडलं की ती पाणी आत ओढून घेते आणि मग खेळ खलास.

नव्या मोटरीत एक सोय होती. फार तापली तर जळायच्या आधी ती स्वतःच बंद पडणार होती. मिस्त्रीला ही आनंदाची बातमी वाटत होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. बंद पडली म्हणजे चावी गेली, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आता बंद पडायच्या आधी कळणार कसं? माझ्याकडे करोनाच्या वेळचं कपाळाचा ताप मोजायचं पिस्तूल होतं. ते मोटरीवर धरलं तर लाल दिवा लावून बोंबलायला लागलं. त्याच्या हिशेबानं मोटर कधीच मेलेली असायला पाहिजे होती. मग बाजूला एक बारीक बटण सापडलं. ते दाबलं की पिस्तूल माणसाऐवजी वस्तूचं तापमान सांगतं. इतकी वर्षं ते बटण माझ्या नाकासमोर होतं, पण माणसंच इतकी तापलेली होती की वस्तूंकडे बघायला वेळ कुठला!

पाऊस सुरू झाला आणि शेताची कामं निघाली, तेव्हापासून सकाळची माझी घरभेटींची फेरी सुरू व्हायच्या आधी मी पायवाटेनं मामाजींच्या बरोबरीनं चढायला लागले. पायवाट आखूड, गाडीवाट वळणाची, त्यामुळे भेट होत राहायची. चढाच्या पायथ्याशी मोजलं, वळणावर मोजलं, वर पोहोचल्यावर मोजलं. मामाजी वैतागायचे. "अवं बाई, तिले ताप नाई आला."

"तिले नाई, मले येऊन राह्यला. थांबा म्हटलं ना!"

चार-आठ दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ओझं असो-नसो, ऊन असो-ढग असो, वळणापर्यंत आकडा हळूहळू चढायचा. पुढं एक जुनं हिवराचं झाड आहे, वाटेवर वाकलेलं. त्या हिवरापाशी आकडा एकदम उसळी घ्यायचा. तिथं थांबून अर्धी बिडी ओढून होईतो वेळ दिला, तर मोटर माळावर हसतखेळत जायची. न थांबता गेलं तर वर पोहोचेस्तोवर चटके. मी मामाजींना म्हटलं, "मामाजी, काऊन कोणास ठाऊक, पण ह्या हिवरापाशी हिचा दम सरते."

मामाजी गाडीवरून उतरले. हिवराच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. मला वाटलं गुडघा आखडला. मग म्हणाले, "इथंच तर ते उभे राहत."

"कोण?"

"आपले बैल. त्यायच्या आधीचे बी. माह्या बापाचे बी. भरली गाडी असली की इथं आल्यावर आपले आपण उभे राहत. कासरा ओढा, कितीबी हाकला, पाय नाई उचलायचे. दम घ्यायचे, अन् मंग आपल्याच मनानं निघायचे. ह्याले इसावाच म्हणत आमी."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत, भर सकाळी काटा आला. पिस्तुलावरचा आकडा अजून हातात होता. जी जागा शोधायला मला चिनी पिस्तूल लागलं, ती जागा मुक्या जनावरांनी पिढ्यान्‌पिढ्या पायांनी दाखवून ठेवली होती. रक्तामासाचा बैल आणि तांब्याची तार, दोघांचा दम एकाच झाडाखाली संपावा! चढ तोच, ओझं तेच, म्हणून हे असं होणारच, हे कळत होतं मला. कळूनही मी त्या हिवराकडे देवाकडे बघावं तशी बघत राहिले.

त्या दिवसापासून मामाजींचं गाडीशी वागणंच बदललं. हिवरापाशी आले की आपणहून थांबत. चाकावर थाप मारून म्हणत, "घे, घे दम." गावातली पोरं चिडवायची, "आबा, गाडीले पेंड घातली का आज?" मामाजी म्हणत, "तुह्या बापाले घाल बे." त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला होता, आणि पावसाळा असा सुखात चालला होता.

अन् पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांदे सोलपटलेले असतात, तर त्यांना हळद आणि लोणी पळसाच्या पानानं चोळायचं आणि जेवायचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल गेल्यापासून आमच्या दारी हे झालं नव्हतं. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी होते, तर अंगणातून तेच शब्द ऐकू आले. बाहेर येऊन बघते तर काय, मामाजी पाटावर बसून गाडीच्या मागच्या चाकाला हळद-लोणी लावत होते! बोटभर जाड थर, दोन्ही अंगांनी. मला हसू आवरेना.

"मामाजी, तिचा खांदा कुठं असते ते तर सांगा!"

"जिथून वढते तो खांदा," ते म्हणाले. मी हसतच चुलीकडे वळले. "परवा पुसून टाका म्हणजे झालं," एवढंच म्हटलं. पोळ्याच्या दिवशी त्यांनी पेटीतली बैलाची जुनी झूल काढली, आरशांची, गोंड्यांची, ती सीटवरून दोन्ही बाजूंना सोडली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली बांधून टाकली. गाडीला पुरणपोळी दाखवली. स्वतः मात्र अर्धीच खाल्ली.

का, ते मला ठाऊक होतं. नवरा सुट्टीवर घरी होता आणि सकाळीच बोलला होता, "उद्या म्या मांग बसतो. पाहू द्या मले, चढते का बंद पडते. बंद पडली तर तिथूनच चावी घेऊन येतो." मी त्याला कोपऱ्यात घेऊन झाडलं. म्हटलं, "तुमचं हे पोट घेऊन बसता का मांग? रोज मामाजी एकटे जातात, तुमचं ओझं कशाले?" तर म्हणाला, "एखाद दिवस पोतं नेतीलच ना. तवा काय करशीन?" तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर माझा संताप संताप होत होता.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन पायवाटेनं आधीच निघाले आणि हिवराखाली जाऊन उभी राहिले. पाऊस उघडलेला होता, ऊन कडक. थोड्या वेळानं गाडी दिसली. पुढं मामाजी, मागं माझा नवरा, आणि दोघांच्या खाली ती झूल! तशीच! दोन्ही अंगांनी चाक झाकून घट्ट बांधलेली, वाऱ्याला शिरायला फट नाही. वैशाखात कुणी गोधडी पांघरावी तशी ती मोटर झूल पांघरून वर चढत होती. मी ओरडले, पण मधे वळण. गाडी वळणाआड गेली, मग पुन्हा दिसली, पहिल्यापेक्षा हळू. आणि तेवढ्यात वारा माझ्याकडे फिरला आणि मला वास आला.

तुपाचा. लोणी कढवायला ठेवावं आणि घरभर सुटावा तसा खमंग तुपाचा वास, भर माळावर!

मामाजींनाही तो आला असणार. त्यांनी हिवरापाशी मूठ सोडली, पाय टेकले आणि गाडी उभी राहिली.

नवरा खाली उतरला. तोंड पडलेलं. "पडली ना बंद? म्हटलं होतं ना म्या!" त्यानं चावीसाठी हात पुढं केला. त्या हातात जोर नव्हता, पण पुढं केला खरा.

"बंद नाई पडली," मामाजी म्हणाले. "थांबवली. इसावा आला."

मी तोवर झुलीच्या गाठी सोडत होते. लोण्याचं पाणी होऊन चाकावर ओघळलं होतं, हळद करपून तपकिरी झाली होती. पिस्तूल धरलं. आकडा मी कधी पाहिला नव्हता इतका वर. नवऱ्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा रंगच उडाला. झटकन पाण्याची कॅन उचलली त्यानं. मी त्याच्या हातावर फटका मारला, सासऱ्यांसमोर, हो! "पाणी नाई! मारता का तिले?"

उभी राहूनही आकडा वाढतच होता. नवरा म्हणाला, "अवं, ही तर आणखी तापून राह्यली! गेली ही!" पण इतके दिवस मोजून मला एवढं कळलं होतं, की मोटर थांबली म्हणजे लगेच निवत नाही. चालताना पोटात दाबलेली गरमी थांबल्यावर बाहेर येते. आधी चढते, मगच उतरते. माणसाचंही तसंच, घरी पोहोचल्यावरच रडू येतं. मी म्हटलं, "गुपचूप बसा."

बसलो तिघंही हिवराखाली. आकडा चढला, मग एका जागी अडकला. मामाजींचे ओठ हलत होते, कुठल्या देवाला की बैलांना, कोण जाणे. मग एक घर खाली आला. मग आणखी एक. मी मोठ्यानं हसले आणि मग माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चाक हाताला सोसवेल इतकं निवलं तेव्हा नवऱ्यानं आपल्या रुमालानं सगळं तूप पुसून काढलं. मामाजींनी चावी फिरवली. दिवा लागला. गाडी जिवंत होती.

मामाजी बसले आणि मागची जागा थोपटून म्हणाले, "बस."

नवरा बसला नाही. झाडाकडे बघत म्हणाला, "बाबा, इथून वरपर्यंत सारेच गाडीतून उतरत ना? बैलायले जड होते म्हणून?"

"उतरत. एक तूच नाई उतरायचा. लय आळशी होता तू."

"आता उतरलो," नवरा म्हणाला आणि गाडीच्या मागं हात लावून चालायला लागला. मी झूल खांद्यावर टाकून त्यांच्या मागं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण त्यानं हात काढला नाही. गाडी आवाज न करता वर निघाली होती आणि ती मोटर आणि हे बापलेक, तिघांकडे बघून मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. एवढंच म्हणेन, की तितकं मोठं मी माझ्या आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्यानं चावी मागून घेतली. मला वाटलं, झालं, गेली चावी. पण त्यानं ती नेऊन भिंतीवरच्या खुंटीला अडकवली, जिथं बैलांची घुंगरमाळ अजून टांगलेली आहे. मग मला विचारलं, "परवाचं लोणी उरलं का?"

मी वाटी दिली. वाटलं, भाकरीवर हवं असेल. त्यानं त्यात हळद कालवली, कुंपणाचं पळसाचं पान तोडून आणलं आणि ओट्यावर मामाजींच्या पायाशी बसला. त्यांचं धोतर वर सारलं आणि गुडघ्यांना लोणी चोळायला लागला.

"काय करून राह्यला बे?" मामाजी म्हणाले. "बैल समजला का मले?"

नवरा खाली मान घालून चोळत राहिला. एक गुडघा झाला, दुसरा घेतला. मग म्हणाला, "आज आवतन घ्या, बाबा. उद्या शेतात जा."

मामाजींनी खुंटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, वाढ. भूक लागली."